हिवाळ्यात पाऊस पडणारा प्रदेश

भूगोलाच्या पेपरात एका मार्काचा एक प्रश्न वर्षाआड तरी यायचाच. हिवाळ्यात पाऊस पडणारा प्रदेश कोणता? उत्तर, भूमध्य सागरी हवामानाचा प्रदेश. चिपळूणच्या शाळेत एकतीस वर्षं मी हा धडा शिकवला आणि वेळापत्रक असं, की तो नेमका जुलैत यायचा. बाहेर कोसळतोय, पागोळ्यांखालच्या बादल्या भरून वाहतायत, पत्र्यावर एवढा आवाज की मागच्या बाकापर्यंत माझं बोलणं पोचत नाही, आणि मी फळ्यावर लिहितेय, ‘उन्हाळे उष्ण व कोरडे, हिवाळे सौम्य व पावसाचे.’ एकदा एका पोराने हात वर करून विचारलं, “बाई, मग तिथे स्वेटरवर रेनकोट घालतात की रेनकोटवर स्वेटर?” वर्ग खिदळला, मीही हसले. खरं सांगायचं तर उत्तर मला येत नव्हतं. जे कधी पाहिलं नाही ते शिकवण्यात भूगोलाच्या शिक्षकाची हयात जाते.

निवृत्त झाले त्याच्या आधीच लेक स्टुटगार्टला स्थायिक झाली होती. जावई नागपूरचा. आम्ही दोघं व्हिसा काढून जायचो, नव्वद दिवस राहायचो आणि परत यायचो. अशाच एका खेपेच्या आधी लेकीने फोनवर जाहीर केलं, की या वेळी सगळे मिळून भूमध्य समुद्रावर सुट्टीला जाऊ. आमच्या ह्यांची पहिली प्रतिक्रिया, “समुद्र बघायला एवढ्या लांब? गुहागर तासा-दीड तासावर आहे.” माझ्या डोक्यात मात्र तो एका मार्काचा प्रश्न. मी म्हटलं, “जाऊ, पण कधी?”

हा ‘कधी’ पुढे तीन वर्षं पुरला.

जर्मनीत सुट्टीचा महिना तुम्ही ठरवत नाही, शाळा ठरवते. नातीच्या राज्यात मेअखेर-जूनच्या सुमारास दोन आठवडे, जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत उन्हाळ्याचे सहा आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक आठवडा. आमच्या भूमध्य समुद्राच्या तीनही खेपा या तीन खिडक्यांतून झाल्या, आणि योगायोगाने तीनही एकाच बेटावर, ग्रीसच्या क्रीटवर. त्यामुळे तुलना करायला बरं पडलं. प्रयोगात बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलायची असते, असं विज्ञानाच्या बाई शिकवायच्या.

पहिली खेप ऑगस्टची. तो निर्णय जावयाचा. नागपूरचा असल्यामुळे आपण उन्हाला भीत नाही, असा त्याचा पक्का समज आहे. क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावर हानिया नावाचं शहर आहे. व्हेनिसच्या राज्यात बांधलेलं अर्धगोल बंदर, तोंडाशी दीपगृह, मागे चिंचोळ्या दगडी गल्ल्या. चित्र काढावं इतकं सुंदर. पण ऑगस्टमध्ये ते दगड दिवसभर ऊन पितात आणि रात्री अकरापर्यंत परत करत राहतात. गल्ल्यांतून माणसांची अशी दाटी, की गणपतीच्या आदल्या दिवशीची चिपळूणची बाजारपेठ बरी. राहण्याची जागा आम्ही सहा महिने आधी ठरवूनही खिशाला भगदाड पाडणारी, आणि एसी म्हणजे खिडकीत बसवलेला एक खोकणारा म्हातारा. तक्रार केली तर मालक म्हणाला, ऑगस्ट आहे. जणू ऑगस्ट हेच उत्तर.

गर्दीत भर म्हणजे १५ ऑगस्ट. आपल्याला वाटतं तो दिवस आपलाच. तिकडे तो मेरीमातेच्या निर्वाणाचा सण, ग्रीकांचा उन्हाळ्यातला सर्वांत मोठा. अथेन्स रिकामं होतं आणि सगळे गावी नाही तर बेटांवर. बोटी तुडुंब. त्या सणाच्या आधी, १ ऑगस्टपासून चौदा दिवस, जुन्या वळणाची माणसं उपवास धरतात. मांस, दूध, अंडी, मासे बंद. आणि ह्यांचा श्रावण चालू! घरून निघताना मला धास्ती होती, की परदेशात ह्यांना खायला काय घालू. तर प्रत्येक खानावळीत उपवासाची यादी हजर. टोमॅटोत शिजवलेल्या फरसबीच्या शेंगा, मोठ्या पांढऱ्या पावट्यासारख्या दाण्यांची भाजी, वांगी-बटाटे-दुधीसारखं काहीतरी एकत्र भाजलेलं. हे खूश. मग शेजारच्या टेबलावर उपवासाचं म्हणून कोलंबी आणि ऑक्टोपस आला. चौकशी केली तेव्हा कळलं, की ज्यांना लाल रक्त नाही ते त्यांच्या उपवासाला चालतं. हे बराच वेळ त्या कोलंबीकडे बघत होते. आयुष्यभर श्रावणात उगाच भेंडी खाल्ली, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

पण त्या ऑगस्टची माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट गर्दी किंवा उकाडा नव्हे, वारा. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला तो थांबेचना. छत्र्या उलटतायत, टेबलांवरचे कागद उडतायत, लाटांवर पांढरे फेस. बालोसच्या उथळ, हिरव्या पाण्याच्या खाडीकडे जाणारी बोट दोन दिवस सुटलीच नाही. आणि वर आकाश बघावं तर निळंशार, ढगाचा ठिपका नाही. माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे असा वारा सुटला की आई अंगणातली वाळवणं गोळा करायला धावायची. वारा म्हणजे पुढची वर्दी, त्याच्यामागून काहीतरी येतंय. इथे वारा येतो आणि त्याच्यामागून काहीच येत नाही. चार दिवस मी नकळत नैऋत्येकडे बघत होते, आणि वारा उत्तरेचा होता.

त्या वाऱ्याला ते मेल्तेमी म्हणतात. घरी येऊन मी त्याच्या मागे लागले, आणि जे हाती आलं त्याने माझी एकतीस वर्षांची शिकवणी निम्मी कच्ची ठरवली. उन्हाळ्यात दाबपट्टे उत्तरेला सरकतात, भूमध्य समुद्र जास्त दाबाच्या पट्ट्याखाली येतो, म्हणून पाऊस नाही, असं मी शिकवत आले. ते खोटं नाही. पण १९९६ साली रॉडवेल आणि हॉस्किन्स या दोन हवामानशास्त्रज्ञांनी दाखवलं, की पूर्व भूमध्य समुद्राच्या त्या कोरडेपणात आपल्या मान्सूनचा मोठा हात आहे. पावसाळ्यात भारतावर आणि बंगालच्या उपसागरावर हवा प्रचंड प्रमाणात वर चढते, ढग बनताना उष्णता बाहेर पडते. तिचा परिणाम लहरींसारखा पश्चिमेकडे पसरतो, तिथे मध्य अक्षांशांतल्या पश्चिमी वाऱ्यांशी त्याची गाठ पडते, आणि क्रीटच्या आसपास व सहाराच्या पूर्व भागावर हवा खाली बसू लागते. खाली बसणारी हवा तापते, कोरडी होते, ढग धरू देत नाही. मेल्तेमीचंही तेच. बाल्कनकडे जास्त दाब आणि तुर्कस्तानवर कमी दाब, यांच्यामधून तो वाहतो, आणि तुर्कस्तानवरचा तो कमी दाब म्हणजे आशियातल्या मान्सूनच्या कमी दाबाचंच पश्चिमेला पसरलेलं टोक.

म्हणजे जुलैत मी चिपळूणच्या वर्गात फळ्यावर ‘उन्हाळे कोरडे’ लिहीत होते तेव्हा, माझा आवाज बुडवणारा पत्र्यावरचा तो पाऊसच तिकडचं आकाश कोरडं करत होता. हे मला त्या पोराला सांगायचंय. तो आता कुठेतरी बँकेत आहे असं ऐकलं.

ऑगस्टबद्दल आणखी एक सांगून तो महिना सोडते. हल्ली तिथला उन्हाळा नुसता गैरसोयीचा राहिलेला नाही. सिसिलीत ११ ऑगस्ट २०२१ रोजी ४८.८ अंश नोंदले गेले, युरोपातला आजवरचा उच्चांक. २०२३च्या जुलैत ऱ्होड्स बेटावर वणवे लागले तेव्हा एकोणीस हजारांच्या आसपास माणसं हलवावी लागली, त्यांत सुट्टीला आलेलेच जास्त. अथेन्सचं अॅक्रोपोलिस उष्णतेच्या लाटेत दुपारी बंद ठेवायची पाळी येते. जावई आता ऑगस्टचं नाव काढत नाही. नागपूरला निदान कूलर असतो, म्हणतो.

दुसरी खेप मेअखेरची. प्रवासाची माहिती देणारे सगळे जो काळ सर्वोत्तम म्हणून सांगतात त्यातली पहिली खिडकी. आणि ते बरोबर सांगतात, मी त्यात खोट काढणार नाही. हवा पंचवीसच्या आसपास, संध्याकाळ साडेआठपर्यंत लांबलेली, खोल्यांचे दर माणसात आलेले. किनाऱ्यावर उभं राहून मान मागे वळवली की लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर. सर्वांत उंच शिखर २,४५३ मीटर, आणि वरच्या घळींत अजून बर्फाचे पट्टे. पायाशी समुद्र आणि पाठीशी बर्फ. ओढ्यांच्या पात्रांतून कण्हेर फुललेली, पण अशी की डोळे फिरावेत. आपल्याकडे कण्हेर म्हणजे देवळाच्या आवारात नाही तर हायवेच्या दुभाजकात. इथे ती रानटी, दगडगोट्यांतून मैलभर गुलाबी.

समारियाची घळ म्हणून प्रसिद्ध सोळा किलोमीटरची उतरण आहे, ती साधारण मेपासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच उघडी असते. हिवाळ्यात तिथून पाण्याचा लोंढा येतो. लेक, जावई आणि नात उतरून आले. मी आणि माझे गुडघे खाली बोटीच्या धक्क्यावर.

एकच गोम. पाणी. मेअखेरीस क्रीटचा समुद्र वीस-एकवीस अंशांचा असतो. जर्मन लोक त्यात असे शिरत होते, जणू बायकोने पाणी काढून ठेवलंय. आमचा कोकणचा समुद्र थंडीतही पंचविसाच्या खाली सहसा जात नाही. मी घोट्यापर्यंत गेले आणि ‘आई गं’ म्हणून परत आले. पाणी तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. हे मी मुलांना मतलई आणि खाऱ्या वाऱ्यांच्या धड्यात शिकवलं होतंच. म्हणून भूमध्य समुद्राचं पाणी मेपेक्षा ऑक्टोबरात गरम असतं. जून महिना हवेने उन्हाळा असतो, पाण्याने नव्हे. ज्याला पोहायचंय त्याने दिनदर्शिका बघू नये, समुद्राला दोन महिने उशीर असतो असं धरून चालावं.

पण मे रद्द होण्याचं खरं कारण पाणी नाहीच. मे महिन्यात घर सोडून जाणारा कोकणी माणूस तुम्ही पाहिलाय का? आम्ही गेलो आणि तिकडे चुलतदिरांचे फोन. पायरी उतरवली, तुमच्या वाट्याच्या दोन पेट्या कोणाला देऊ? फणस पडून फुटला. मुंबईची पोरं आलीत, विचारतायत काकू कुठे. मी निळ्याशार समुद्रासमोर बसून रडकुंडीला आले. जगातला सर्वोत्तम ऋतू कोणता, हे ठरवताना मागे काय सोडून जातोय तेही तागडीत घालावं लागतं. कुठे कधी जावं हे सांगणाऱ्या प्रवासाच्या तक्त्यांत हापूसचा रकाना नसतो.

तसे ते तक्ते कोणासाठी बनवलेत, हाही प्रश्नच आहे. ते बनलेत वर्षातले सहा महिने राखाडी आभाळाखाली काढणाऱ्यांसाठी. त्यांना ऊन हवंय. मला ऊन घेऊन काय करायचंय? आणि गंमत म्हणजे तेही पूर्वी असे नव्हते. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं नीस शहर वाढलं ते हिवाळ्यात येणाऱ्या इंग्रजांवर. तिथला समुद्रालगतचा रस्ता त्यांच्याच नावाने, ‘इंग्रजांचा फेरफटका’ अशा अर्थाने ओळखला जातो. राणी व्हिक्टोरियासुद्धा १८९०च्या दशकात तिथे येऊन राहायची, तीही थंडी टाळायला. उन्हाळा लागला की हॉटेलं कुलूप लावत, कारण उन्हात बसणं हे मजुराचं लक्षण. अंग रापवायची फॅशन आली १९२०च्या दशकात, आणि ऋतूच उलटा झाला. २०२१ साली युनेस्कोने नीसला जागतिक वारशाचा दर्जा दिला तो ‘हिवाळी विश्रामाचं शहर’ म्हणून. तेव्हा ‘सीझन’ ही हवामानाने ठरवलेली गोष्ट आहे असं कोणी सांगितलं तर निम्मंच मानावं. उरलेलं निम्मं कपडे ठरवतात.

त्याच्याही आधीचे खलाशी मात्र वाऱ्याला विचारूनच निघत. रोमन काळात ११ नोव्हेंबर ते १० मार्च भूमध्य समुद्र बंद मानत. आमच्याकडे मासेमारी बंद १ जून ते ३१ जुलै, मग नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्र उघडतो. त्यांचा समुद्र उघडा तेव्हा आमचा बंद. आणि तरीही धाडसी व्यापारी जुलैत इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून निघून, नैऋत्येचा वारा पाठीशी घेऊन आपल्या किनाऱ्याला लागत. सोपारा, कल्याण, चौल ही नावं त्यांच्या खलाशांना ठाऊक होती. त्यांचा समुद्रदेव पोसायडन, त्याची काशाची छोटीशी मूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघाली. कोल्हापुरात! समुद्रापासून घाट चढून वर. बहीण कोल्हापूरला दिलेली आहे, दरवेळी टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन मी त्याला बघून येते. कोणत्या महिन्यात आलास रे बाबा, असं विचारावंसं वाटतं.

राहिली तिसरी खिडकी, ऑक्टोबरअखेर. हिला मीच अडून बसले. दिवाळी त्या वर्षी लवकर होती, लक्ष्मीपूजन-भाऊबीज उरकून निघणं जमत होतं. जावयाने हवामानाचं अॅप उघडून दाखवलं, “आई, पावसाची शक्यता आहे.” मी म्हटलं, म्हणूनच.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण ‘भूमध्य समुद्र’ हे एका तुकड्याचं नाव नाही. ऑक्टोबर छान असतो असं सरसकट सांगतात, पण उन्हाळाभर तापलेल्या पाण्यावर शरद ऋतूतली पहिली थंड हवा आली की पश्चिमेकडचे किनारे झोडपून निघतात. इटलीच्या चिंक्वे तेर्रेमधली वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही गावं २५ ऑक्टोबर २०११ रोजी चिखलाखाली गेली. स्पेनमध्ये वालेन्सियाच्या परिसरात २९ ऑक्टोबर २०२४ रोजी पुराने दोनशेहून जास्त माणसं नेली. पूर्वेकडे क्रीट-सायप्रसला पाऊस उशिरा पोचतो आणि सुरुवात सहसा सौम्य असते, पण ‘सहसा’ हा शब्द तिथेही जपून वापरावा. सप्टेंबर २०२३मध्ये डॅनियल वादळाने आधी ग्रीसचा थेसाली प्रांत बुडवला आणि मग समुद्र ओलांडून लिबियात देर्ना शहराची दोन धरणं फोडली. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. पावसाचं मला अप्रूप आहे, भाबडं प्रेम नाही. निघण्याआधी चार दिवस मीसुद्धा अॅप बघत होते.

या वेळी हानियात न थांबता बसने डोंगर ओलांडून दक्षिणेला पालिओखोराला गेलो. चिंचोळं भूशिर, एका बाजूला वाळूचा किनारा, दुसऱ्या बाजूला गोट्यांचा. ज्या बाजूला वारा त्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसायचं. बरेच पाहुणे परतलेले, थेट विमानं संपत आलेली, दोन-तीन खानावळींनी खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. घड्याळं एक तास मागे गेल्यामुळे साडेपाचलाच सूर्य बुडायचा. कोणाला हे उदास वाटेल. मला शाळा सुटल्यानंतरच्या मैदानासारखं वाटलं, जे शिक्षकांनाच ठाऊक असतं. पाणी बावीस-तेवीस अंश. मी गळ्यापर्यंत गेले, हे कमरेपर्यंत. त्याचा फोटो आहे.

घरमालकीण पंचाहत्तरीच्या पुढची. १९६० साली पश्चिम जर्मनी आणि ग्रीस यांच्यात कामगारांचा करार झाला, त्यानंतर हजारो ग्रीक तिकडे कारखान्यांत गेले. ही बाई तरुणपणी स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात अकरा वर्षं होती. त्यामुळे तिचं आणि नातीचं जर्मनमध्ये सूत जुळलं आणि नात आमची दुभाषी. दुपारभर ती म्हातारी काही ना काही आवरत असायची. गच्चीवरचा पन्हळ काठीने साफ केला, उन्हाळाभर बाहेर असलेल्या गाद्या आत नेल्या, लाकडं ताडपत्रीखाली ढकलली. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. हे आमचं मेअखेरचं काम. कौलं चाळून घेणं, पाखाड्या, सरपण पडवीत. फक्त पाच महिने पुढे सरकलेलं.

रानात ऑलिव्हच्या झाडांखाली काळी-हिरवी जाळी अंथरायला सुरुवात झाली होती. इथलं फळ बारीक, करवंदाएवढं, तोडणी नोव्हेंबरपासून ऐन हिवाळ्यात चालते. द्राक्षाच्या चोथ्याची दारू गाळायचे दिवसही हेच. एका वाडीवरून जाताना तांब्याची भट्टी लागलेली, भोवती माणसं, विस्तवात भाजलेले बटाटे आणि डाळिंबं. वास आला आणि ह्यांना लगेच सावंतवाडीकडची काजूची भट्टी आठवली. भट्टीवाल्याने छोट्या पेल्यात हातावर ठेवली. श्रावण नव्हता.

२८ ऑक्टोबरला ग्रीसची राष्ट्रीय सुट्टी. १९४० साली मुसोलिनीची मागणी ‘नाही’ म्हणून झिडकारली तो दिवस. गावातल्या शाळेची मुलं निळे-पांढरे कपडे घालून, झेंडा घेऊन रस्त्यावरून संचलन करत होती. पाय चुकत होते, एक बाई कडेने चालत डोळ्यांनी दटावत होती. मी तिच्याकडेच बघत राहिले. पश्चिमेला समुद्रावर ढग जमत होते आणि दटावणाऱ्या बाईंचं अर्धं लक्ष तिकडे होतं.

संध्याकाळी चारच्या सुमारास वारा पडला. पडलाच एकदम. झाऊच्या फांद्या स्थिर. समुद्र शिशासारखा. मी गॅलरीत होते, हे झोपलेले. लांबून एक गुरगुर आली, आणि मग ते झालं जे मला एकतीस वर्षांत फळ्यावर लिहिता आलं नव्हतं. आधी वास आला. सहा महिने तापलेली माती, त्यात ओव्यासारख्या रानझुडपांचा उग्र वास मिसळलेला. वळवाच्या वासाचाच मावसभाऊ, फक्त तिखट. मग थेंब. मोठे, विरळ, धुळीत खड्डे पाडणारे. खालच्या फरशीवर डाग पडत गेले आणि डाग जुळून फरशी काळी झाली.

खाली म्हातारी बाहेर आली. डोक्यावर काही नाही. भिंतीच्या आडोशाला तिची कुंड्यांची रांग होती. कुंड्या कसल्या, ऑलिव्ह तेलाचे रिकामे डबे चुना लावून पांढरे केलेले, आणि त्यांत बारीक पानांची, चेंडूसारखी गोल छाटलेली तुळस. आपल्या तुळशीच्याच नात्यातली, तिकडे दारोदार असते. ती एकेक डबा उचलून पावसात ठेवू लागली. मी चप्पल न घालताच जिना उतरले आणि दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. दोघी भिजलो. ती काहीतरी बोलत होती, त्यात एक शब्द दोनदा आला, प्रोतोव्रोखिआ. नातीने छत्रीतून येऊन चौकशी केली. पहिला पाऊस. त्यासाठी त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे. आता डोंगरावर पालेभाज्या येतील, गोगलगायी निघतील, ती सांगत होती. मी नातीला म्हटलं, तिला सांग आमच्याकडेही पहिल्या पावसानंतर टाकळा, फोडशी येते. टाकळ्याला जर्मन शब्द नव्हता. ‘रानातली भाजी’ एवढ्यावर भागलं.

शेवटचा डबा ठेवून म्हातारीने पदराला पुसावेत तसे हात एप्रनला पुसले आणि नातीला काही विचारलं.

“आजी, ती विचारतेय, तुमच्याकडे पाऊस कधी सुरू होतो?”

“जूनमध्ये,” मी म्हटलं.

नातीने सांगितलं. म्हातारीने ऐकलं, कपाळावरचं पाणी निपटलं, आणि पुन्हा तोच प्रश्न हळू, एकेक शब्द सुटा करून विचारला.

“जून,” नात म्हणाली.

म्हातारीने माझ्याकडे बघून मान हलवली. ती पोरीला बोलली नाही काही, फक्त तिच्या गालावर हलकीशी चापटी मारली, चुकलेल्या विद्यार्थ्याला मारावी तशी.